रकाना नववा : पूर्वानुभव

हॅडलबी गावाचा मैला जिथे शुद्ध होतो तिथे मी निवृत्तीनंतरची अकरा वर्षं काढली, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. पक्षी पाहायचे तर डोंगरदऱ्यांत जावं असा लोकांचा समज असतो. पक्ष्यांचा तसा काही समज नसतो. त्यांना माश्या लागतात, आणि माश्यांच्या बाबतीत आमच्या मैलापाणी केंद्राचा हात धरणारं ठिकाण इंग्लंडच्या सबंध पूर्व किनाऱ्यावर सापडायचं नाही. वाऱ्याची दिशा बघून जायचं, एवढं पथ्य पाळलं की झालं.

हा माझा टापू. आमच्या मंडळींत टापू ही बायकोच्या खालोखाल, आणि काहींच्या घरी बायकोच्याही वर, जपायची गोष्ट असते. टापूला हद्द असते. आमची हद्द म्हणजे चार गोल टाक्या, त्यांच्यामागचं तळं, लव्हाळ्यांची एक पट्टी आणि उत्तरेला मिसेस टॅपली यांच्या परसाचं कुंपण. कुंपणावर बसलेला पक्षी यादीत धरायचा, कुंपणापलीकडच्या सफरचंदाच्या झाडावरचा धरायचा नाही. या एका कलमावरून दोन सभ्य गृहस्थांनी सहा वर्षं एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. त्यांतला एक वारला तेव्हा दुसरा अंत्यविधीला आला, पण चर्चच्या कुंपणाबाहेर उभा राहिला.

तळ्याकाठी फळ्यांची एक खोली आहे. तिला आम्ही लपण म्हणतो. तिच्या आडव्या फटींतून आम्ही पक्ष्यांकडे पाहतो आणि पक्षी, आम्ही तिथे आहोत हे पूर्ण ठाऊक असून, आपापली कामं करत राहतात. लपणाच्या भिंतीवर ओकच्या लाकडाचा एक फलक आहे. टापूवर दोनशे जातींचे पक्षी पाहिलेल्या माणसाचं नाव पितळी पट्टीवर कोरून त्यावर लावायचं, अशी प्रथा आहे. फलक वीस नावांच्या हिशेबाने केला होता. त्यावर पट्टी एकच होती : आर. पिल्बीम. मी तीन वर्षं एकशे नव्व्याण्णववर अडकलो होतो.

रॉडरिक पिल्बीम हे अग्निशमन दलातले निवृत्त अधिकारी. आयुष्यभर लोकांना शिडीवरून खाली या म्हणून सांगितल्यामुळे त्यांच्या आवाजात एक प्रकारची खात्री आली आहे, आणि दुसऱ्या कोणाच्या आवाजात ती आलेली त्यांना खपत नाही. लपणात शिरून मी काहीही सांगितलं, अगदी बदक दिसलं म्हणून सांगितलं, तरी ते दुर्बीण खाली न करता विचारतात, "खात्री आहे?" अकरा वर्षं मी हे ऐकत आलो. वास्तविक माझा धंदा चष्म्यांचा. एकतीस वर्षं मी या गावाचे डोळे तपासले. पिल्बीम यांच्या नाकावरचा चष्मासुद्धा माझ्याच दुकानातला आहे. त्या चष्म्यातून ते माझ्याकडे तसं पाहत तेव्हा मला विशेष लागत असे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी एवढा जिवावर का उदार झालो ते कळेल. आमच्यात चोराला क्षमा आहे, थापाड्याला नाही. न पाहिलेला पक्षी पाहिला म्हणणारा माणूस एकदा थापाड्या ठरला की तो कायमचा बाद. त्याने पुढे कावळा दाखवला तरी लोक पुस्तक उघडून बघतात.

तर तेवीस एप्रिल, गुरुवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. भुरभुर पाऊस. लपणात मी एकटा. तीन नंबरच्या टाकीच्या कठड्यावर एक पक्षी येऊन बसला आणि शेपटी वरखाली करू लागला. शेपटी वरखाली करणारा तो धोबी, हे शेंबडं पोरही सांगेल. साधे धोबी आमच्याकडे पायलीचे पन्नास. पण याचं तोंड पिवळं होतं. लिंबासारखं पिवळं. पाठ राखी, पंखांवर दोन पांढऱ्या पट्ट्या, मानेमागे काळी रेघ. चाळीस सेकंद तो माझ्या दुर्बिणीत होता, मग "च्-झिक" करून उडाला आणि गेला.

पिवळ्या डोक्याचा धोबी. पूर्वेकडच्या दलदलींतला पक्षी, आमच्या जिल्ह्यात उभ्या इतिहासात दोनदा आलेला. माझा दोनशेवा. मी लपणात उभा राहिलो, बसलो, पुन्हा उभा राहिलो. मग घरी जाऊन विनीला सांगितलं. विनी म्हणजे माझी बायको. ती वाटाणे सोलत होती.

"छान झालं," ती म्हणाली. "पाय पुसून आत ये."

दुसऱ्या दिवशी पिल्बीम यांना सांगितलं. त्यांनी दुर्बीण खाली केली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

"पाऊस होता ना काल?"

"भुरभुर होती."

"अंतर किती?"

"साठ पावलं."

"बरोबर कोण होतं?"

"कोणी नव्हतं."

"हं," पिल्बीम म्हणाले. "मी काही म्हणत नाही, मॉफॅट. पण नंबर दर दोन वर्षांनी तपासून घ्यावा, असं तुम्हीच मला सांगायचात."

असा पक्षी दिसला की नुसतं दिसून भागत नाही. जिल्ह्याची एक पक्षी-नोंद समिती असते. तीत सात तज्ज्ञ असतात आणि त्यांचा सात पानी अर्ज असतो. मी तो तीनदा भरला : एकदा पेन्सिलीने, एकदा शाईने आणि एकदा शाईच्या प्रतीवर विनीने चहाचा कप ठेवल्यामुळे. रकाना चार : उजेड कोणत्या बाजूने. रकाना सहा : दुर्बिणीची बनावट. रकाना नऊ : या जातीचा पूर्वानुभव. तिथे मी प्रामाणिकपणे "नाही" लिहिलं. रकाना अकरा : आवाज. तिथे "च्-झिक" लिहिलं. आणि शेवटी चौदा आणि पंधरा, जे मला वकिलाने उलटतपासणीत विचारावेत तसे वाटले : "पाहिला त्या वेळी तुमची खात्री होती का?" आणि "आता आहे का?" दोन्हीकडे मी "होय" लिहिलं, आणि दुसऱ्या "होय"खाली रेघ मारली.

साडेचार महिन्यांनी उत्तर आलं. नोंद सिद्ध होत नाही. निरीक्षक एकटा, आणि त्याला या जातीचा पूर्वानुभव नाही. नवा पुरावा असल्यास एकदा फेरविचार करता येईल.

मी ते पत्र विनीला वाचून दाखवलं. "म्हणजे जो पक्षी मी पहिल्यांदा पाहिला तो मी आधी पाहिला नव्हता म्हणून मी पाहिला नाही," मी म्हणालो.

"एडविन, तुला दिसलं ते दिसलं. त्याला दुसऱ्या कोणाची सही कशाला लागते?"

"सहीशिवाय दिसलं तर ते नुसतं दिसणं झालं, विनी."

ती मान हलवून पुन्हा आपल्या विणकामाकडे वळली. विनीचा स्वभाव असा आहे की वाद जिंकल्यावर ती तो पुढे चालवत नाही.

महिन्याभरात सगळ्या गावाला कळलं. पिल्बीम यांनी कोणाला काहीच सांगितलं नव्हतं. फक्त कोणी माझा विषय काढला की ते भुवया वर करत, आणि त्यांच्या भुवया दाट आहेत. पोस्टातल्या बाईंनी मला डोळ्यांना गाजर चांगलं असतं म्हणून सांगितलं. माझं दुकान ज्याने घेतलं त्या तरुण माणसाने "काका, एकदा फुकट तपासून देतो" अशी चिठ्ठी पाठवली. गाजरांचं मला काही वाटलं नाही. चिठ्ठीने मात्र मी दोन दिवस जेवलो नाही, म्हणजे रात्रीचा जेवलो नाही.

मदत करायला पुढे आल्या त्या फक्त मिसेस टॅपली. वय चौऱ्याऐंशी. दर गुरुवारी चर्चमध्ये म्हाताऱ्यांचं जेवण असतं, तिथलं स्वयंपाकघर त्या सांभाळतात, आणि स्वतःपेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान असलेल्यांना त्या म्हातारे म्हणतात. कुंपणावरून त्यांनी मला हाक मारली आणि हातात कस्टर्डचा वाडगा दिला.

"खा राजा. उरलंय. तुझ्या त्या पाखराचं ऐकलं मी. पिवळ्या तोंडाचं ना?"

"पिवळ्या डोक्याचा धोबी, मिसेस टॅपली."

"मी पाहिलंय की त्याला. माझं नाव घाल कागदावर. दर गुरुवारी येतो."

मी वाडगा हातात धरून त्यांना शांतपणे समजावलं. "मिसेस टॅपली, तो सैबेरियाकडून येतो. शतकातून दोनदा."

"असेल बाबा. पण गुरुवारी येतो."

अशी साक्ष समितीपुढे ठेवली असती तर उरलीसुरली लाजही गेली असती. मी कस्टर्ड तिथेच उभ्या उभ्या खाल्लं, त्यांचे आभार मानले आणि त्यांचं नाव कुठेही घातलं नाही.

मग माझ्या डोक्यात तो विचार आला. रकाना नऊमध्ये पूर्वानुभव नाही ना? मग पूर्वानुभव मिळवायचा. पक्षी इथे येत नसेल तर आपण त्याच्याकडे जायचं, त्याच्या घरी त्याला नीट पाहायचं, आणि मग आपण जे पाहिलं ते हेच होतं असं समितीला लेखी कळवायचं. मे महिन्यात तो एस्टोनियाच्या किनाऱ्यावर घरटी करतो असं पुस्तकात होतं. मी समितीला कळवलं की फेरविचारासाठी मी पुढच्या चौदा मे रोजी अनुभव घेऊन येत आहे. लपणातही ही बातमी सहज कानावर पडेल अशा बेताने दोनदा सांगितली. पिल्बीम दुर्बिणीची काच पुसत राहिले. त्यांच्या दोनशे चौदा पक्ष्यांत हा नव्हता, आणि आपल्याच टापूवर दुसऱ्याने पाहिलेला पक्षी आपल्याला न दिसणं म्हणजे काय असतं ते आमच्यातल्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

विनीला गेली सहा वर्षं मडेरा बेटावर जायचं होतं. मी तिच्यासमोर नकाशा पसरला.

"समुद्र आहे?" तिने विचारलं.

"आहे."

"जुनं गाव आहे म्हणतात. मनोरे, फरसबंदी, कॉफीची दुकानं."

"असणार."

"आणि आपण ते पाहणार?"

"येता-जाता दिसेलच," मी म्हणालो. हे मी अगदीच खोटं बोललो असं नाही. विमानतळावरून जाताना ते मोटारीच्या डाव्या खिडकीतून दिसलं, आणि विनी उजव्या बाजूला बसली होती.

आम्हाला घ्यायला माइरे नावाची बाई आली होती. ती एरवी शाळेत गणित शिकवते आणि वसंतात आमच्यासारख्यांना फिरवते. एकंदरीत तिला आमच्यापेक्षा गणित बरं वाटत असावं. तिने आम्हाला शहरापासून थोडं दूर, समुद्रकाठच्या ओल्या कुरणाजवळ नेऊन उतरवलं. विनीने दार उघडलं आणि ती तशीच थांबली.

"एडविन, हा वास मला ओळखीचा वाटतो."

"मागे मैलापाणी केंद्र आहे," माइरे म्हणाली. "तुमच्या पक्ष्याला ते फार आवडतं."

विनी माझ्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात तिने मला वेगवेगळ्या तऱ्हांनी पाहिलं आहे, ही तऱ्हा नवीन होती. मग तिने घडीची खुर्ची काढली, केंद्राकडे पाठ आणि समुद्राकडे तोंड करून मांडली, आणि विणायला घेतलं.

दहाच मिनिटांत तो आला. पाण्यातल्या एका सुकलेल्या काटकीवर बसला, वीस पावलांवर, लख्ख उन्हात. डोकं, गळा, छाती, सगळं पिवळंधमक. राखी पाठ. दोन पांढऱ्या पट्ट्या. मानेमागची काळी रेघ. माझाच पक्षी. मला इतका आनंद झाला की मी माइरेचा हात धरला, आणि तिने तो सौजन्याने धरू दिला. वर्षभराची गाजरं, भुवया आणि चिठ्ठ्या त्या एका क्षणी फिटल्या.

मग त्याने चोच उघडली. "स्रीऽप," तो म्हणाला.

मी थांबलो. तो पुन्हा म्हणाला, "स्रीऽप." खरखरीत, ताणलेला आवाज.

"माइरे," मी हळूच विचारलं, "हा च्-झिक असं कधी करतो?"

"च्-झिक? ते साधा धोबी करतो. हा स्रीप करतो."

"पण अधूनमधून?"

"नाही. स्रीप. नेहमी."

"समजा, पाऊस असताना?"

"नेहमी," माइरे म्हणाली, गणिताच्या बाई म्हणतात तशी.

एकतीस वर्षं मी डोळ्यांचा धंदा केला, डोळ्यांवर विश्वास ठेवला, आणि कान नुसते चष्म्याच्या काड्या अडकवायला आहेत असं धरून चाललो. च्-झिक मी रोज ऐकतो. माझ्या घराच्या छपरावर रोज सकाळी च्-झिक होतं. स्वतःच्या हाताने ते मी रकाना अकरामध्ये लिहिलं होतं, आणि त्या सातही तज्ज्ञांच्या लक्षात आलं नव्हतं, कारण रकाना नऊमध्ये "नाही" दिसल्यावर पुढे वाचण्याचं कारणच त्यांना उरलं नव्हतं. तेवीस एप्रिलला कठड्यावर काय बसलं होतं ते मला माहीत नव्हतं. पण हा नव्हता, एवढं कळलं.

विनी खुर्चीवरून वळली. "दिसला ना?"

"दिसला."

"मग चेहरा असा का?"

"दिसला म्हणूनच," मी म्हणालो.

घरी परतलो तर दारातल्या पायपुसण्यावर समितीचं पत्र पडलेलं. नोंद मान्य. नवा पुरावा पुढे आला आहे : त्याच दिवशी, त्याच वेळी, तळ्याच्या पलीकडच्या काठावरून अनुभवी निरीक्षक श्री. आर. पिल्बीम यांनीही हा पक्षी पाहिला होता. श्री. मॉफॅट यांचा आनंद हिरावला जाऊ नये म्हणून ते इतके दिवस गप्प राहिले होते. मी अनुभव घेऊन आलो त्याची कोणालाच गरज उरली नव्हती.

मी लपणाकडे गेलो. फलकावर दुसरी पट्टी लागलेली होती : ई. मॉफॅट. चार पितळी स्क्रू, नवेकोरे. आमच्या मंडळींनी केक केला होता, त्यावर पिवळ्या डोक्याचा धोबी काढला होता, आणि शेपटीचा भाग माझ्यासाठी राखून ठेवला होता. पिल्बीम यांनी माझ्याशी हात मिळवला. "आपल्या दोघांचा पक्षी, मॉफॅट," ते म्हणाले. गावच्या साप्ताहिकाने माझा फोटो छापून खाली लिहिलं : "निवृत्त चष्मेवाल्यांचे डोळे शाबूत."

स्रीऽपचा विषय मी कोणापाशी काढला नाही. खोटं कशाला सांगू, मला ती पट्टी फार आवडली. आठ दिवस मी रोज लपणात जाऊन तिच्यासमोर बसलो आणि तळ्याकडे पाठ केली. एकदा केंद्राच्या फाटकावर नाव लिहिताना सहज वहीची मागची पानं चाळली. आत जाणाऱ्याने नाव आणि वेळ लिहायची, पिवळं जाकीट आणि टोपी घालायची, हा केंद्राचा नियम आहे, आणि तिथला पहारेकरी तो स्वतःच्या आईलाही सोडणार नाही. तळ्याचे दोन्ही काठ त्या फाटकाच्या आतच येतात. मागच्या वर्षीच्या तेवीस एप्रिलला एकच नाव होतं. आत एक वाजून पाच, बाहेर चार वाजून वीस. माझं. मी वही मिटली. म्हणजे मला चुकून जे दिसलं ते पिल्बीम यांना मुळीच दिसलं नव्हतं. पण ही गोष्ट बाहेर काढायची तर आधी माझी बाहेर काढावी लागली असती.

नवव्या दिवशी सकाळी विनीने माझ्यापुढे अंडं ठेवलं आणि समोर बसली.

"एडविन, तू आठ दिवस झोपेत बडबडतोयस. नेहमी, नेहमी, असं."

मी तिला सगळं सांगितलं. ते सांगून होईपर्यंत छपरावर तीनदा च्-झिक झालं.

"तो तसला पक्षी नव्हता, हे तुला नक्की माहीत आहे?"

"आहे."

"मग झालं की."

"लोक मला थापाड्या म्हणतील, विनी."

"लोक आज तुला शहाणा म्हणतायत, आणि तुझ्याच्याने अंडं खाववत नाहीये," ती म्हणाली.

नोंद मागे घेण्याचा वेगळा नमुना समितीकडे नव्हता. मूळ अर्जच पुन्हा भरावा असं कळवण्यात आलं. मी चौथ्यांदा सात पानं भरली. रकाना नऊ : पूर्वानुभव. या वेळी माझ्याकडे तो होता, आणि मी तो विस्ताराने लिहिला. रकाना चौदा, त्या वेळी खात्री होती का : होती. रकाना पंधरा, आता आहे का : नाही. पिल्बीम यांच्याविषयी मी एक अक्षर लिहिलं नाही. ज्याला त्याला त्याचे डोळे.

या वेळी उत्तर अकरा दिवसांत आलं. श्री. मॉफॅट यांची माघार नोंदवून घेण्यात येत आहे. मात्र आपली खात्री नसल्याचं त्यांनी स्वतःच मान्य केलं असल्यामुळे, पक्षी कोणता होता याविषयीचं त्यांचं मत विचारात घेता येत नाही. श्री. पिल्बीम यांची साक्ष स्वतंत्र असल्याने नोंद कायम राहील. वार्षिक अहवालात ती केवळ त्यांच्या नावे छापली जाईल.

मी ते पत्र दोनदा वाचलं. मग पेचकस घेऊन लपणात गेलो आणि माझी पट्टी काढली. चार स्क्रू खिशात टाकले. फलकावर चार भोकं राहिली, ती मेणाने बुजवली, पण जवळून दिसतात. गावात भुवया पुन्हा वर गेल्या. आता तर दोन्ही बाजूंनी बोलायची सोय झाली होती : मी न पाहिलेला पक्षी पाहिला म्हणणारा होतो, आणि पाहिलेला पाहिला नाही म्हणणाराही. पोस्टातल्या बाईंनी या वेळी गाजरं नव्हे, विश्रांती सुचवली.

त्यानंतरच्या गुरुवारी मी लपणात गेलो तेव्हा पिल्बीम तिथे होते. भुरभुर पाऊस. दोनचा सुमार. आम्ही शेजारी शेजारी बसलो.

"तुम्ही माघार घ्यायला नको होती, मॉफॅट," ते तळ्याकडे बघत म्हणाले. "मी तर चांगला पाहिला. पिवळा रंग पार छातीपर्यंत."

"आणि आवाज?"

"पुस्तकात दिलाय अगदी तसा."

मी काही म्हणणार एवढ्यात उत्तरेच्या कुंपणावर टणटण झालं. ती टणटण मी दर गुरुवारी ऐकत असे, पण तिकडे वळून कधी पाहिलं नव्हतं. मिसेस टॅपली एक पळी कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर आपटत होत्या. "या गं बायांनो, या," त्या ओरडल्या, झाकण त्यांनी उलटं करून कुंपणालगत आमच्या बाजूच्या गवतात ठेवलं, आणि त्यात पातेलंभर कस्टर्ड ओतलं. चर्चमधलं गुरुवारचं, उरलेलं.

दोन कावळे आले. एक मैना आली. मग राखी पाठीची, पांढऱ्या तोंडाची एक साधी धोबीण तुरुतुरु चालत आली, कस्टर्डावर बसलेल्या माश्यांकडे तिने क्षणभर पाहिलं आणि डोळ्यांपर्यंत डोकं आत घातलं. वर काढलं. पुन्हा घातलं. मग ती उडाली आणि तीन नंबरच्या टाकीच्या कठड्यावर, साठ पावलांवर, येऊन बसली. लिंबासारखं पिवळं तोंड. राखी पाठ. पंखांवर दोन पांढऱ्या पट्ट्या. मानेमागे काळी रेघ. शेपटी वरखाली करत ती आम्हा दोघांकडे बघत राहिली.

"च्-झिक," ती म्हणाली.

पुराव्याचा एक वाडगा मी स्वतः खाल्ला होता, हे मला आठवलं.

पिल्बीम यांच्या गळ्यात दुर्बीण होती, ती त्यांनी उचलली नाही. गरज नव्हती, चष्मा मी चांगलाच करून दिला होता.

"कस्टर्ड," ते शेवटी म्हणाले.

"कस्टर्ड," मी म्हणालो.

फाटकावरच्या वहीचं ते पान माझ्या जिभेवर होतं. अकरा वर्षांच्या सगळ्या "खात्री आहे?"ना ते एक पान पुरलं असतं. मी तोंड उघडलंही. पण पिल्बीम यांची मान कॉलरमध्ये एकाएकी फार बारीक दिसली. मला त्यांची दया आली. मी तोंड मिटलं.

"मॉफॅट," ते म्हणाले, "तो अर्ज असतो ना. आणखी एखादा आहे का तुझ्याकडे?"

अकरा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा अरे-तुरे केलं होतं. पिशवीत एक कोरा अर्ज होता, विनी कप कुठेही ठेवते म्हणून मी नेहमी एक जादा ठेवतो. मी तो दिला, पेनही दिलं. ते मांडीवर घेऊन लिहू लागले. रकाना नऊ भरभर गेला. अकरा गेला. चौदावर पेन थांबलं.

"इथे काय लिहिलंस तू?"

"होती, असं लिहिलं."

"होती का?"

"होती."

पिल्बीम यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "तू काहीतरी पाहिलं तरी होतंस," ते म्हणाले.

मग त्यांनी खाली वाकून लिहिलं. एकतीस वर्षं मी लोकांना भिंतीवरच्या ओळी वाचायला लावल्या, पण ही ओळ मी वाचली नाही. मी बाहेर बघत राहिलो. धोबीण कठड्यावर तोंड घासून घासून पांढरं करत होती. मी थर्मास उघडला आणि चहा दोन झाकणांत ओतला. पिल्बीम यांनी अर्जाची घडी करून खिशात ठेवली, झाकण घेतलं आणि भिंतीवरच्या फलकाकडे, त्या चार भोकांकडे, पाहिलं.

"किती झाले म्हणजे तुझे?"

"एकशे नव्व्याण्णव."

"खात्री आहे?" त्यांनी सवयीने विचारलं.

"आहे," मी म्हणालो.